कड्यावरून कुंडीत : शिंपाकू जुनिपरची गोष्ट

जानेवारी २०१९ मध्ये जपानच्या साइतामा प्रांतातील एका बोन्साय बागेतून सात झाडे चोरीस गेली. त्यांपैकी एक शिंपाकू जातीचे जुनिपर होते. त्याचे वय चारशे वर्षे मानले जात होते आणि किंमत एक कोटी येनहून अधिक सांगितली गेली. बागेच्या मालक दांपत्याने समाजमाध्यमांवर निवेदन प्रसिद्ध केले. झाडे परत मिळावीत ही विनंती त्यात होतीच; पण ज्याच्या हाती ती असतील त्याने त्यांना पाणी द्यावे, शिंपाकू पाण्याविना आठवडाभरही तग धरणार नाही, अशी कळकळीची सूचनाही होती.

चोरीच्या मालाची निगा कशी राखावी हे चोरालाच सांगण्याची वेळ क्वचितच कोणावर येत असेल. चार शतके जगलेले झाड आठ दिवसांत मरू शकते, कारण ते कुंडीत आहे. आणि या जातीची जुनी झाडे मुळात कुंडीतली नव्हतीच. ती डोंगरकड्यांवरची होती. कड्यावरून कुंडीत येण्याचा हा प्रवास, आणि कडे रिकामे झाल्यावर जपानी माळ्यांनी कोवळ्या रोपांना लावलेले वळण, हा या धाग्याचा विषय.

आधी शब्दाविषयी थोडे. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लागवड. मराठीत बोन्सायला ‘वामनवृक्ष’ म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण किंचित फसवाही आहे. वामन जन्मतःच बटू होता. बोन्साय जन्मतः बुटके नसते. बी तेच, जात तीच. कुंडीतून काढून मोकळ्या जमिनीत लावले, तर तेच झाड काही वर्षांत हातपाय पसरू लागते. त्याचा बुटकेपणा कोणीतरी सतत राखावा लागतो.

कला मूळची चीनची. शान्शी प्रांतात थांग राजवंशातील राजपुत्र ली शियान याची इ. स. ७०६ मधील कबर आहे. तिच्या भिंतीवरील चित्रात सेवकांच्या हातांत उथळ पात्रे दिसतात आणि त्या पात्रांत खडे व चिमुकली झाडे आहेत. तेथून ही आवड जपानमध्ये पोहोचली आणि १३०९ च्या ‘कासुगा गोन्गेन’ चित्रगुंडाळीत तबकातील झाडे अगदी स्पष्ट दिसतात.

जपानी नो नाट्यपरंपरेत ‘हाची नो कि’, म्हणजे ‘कुंडीतील झाडे’, या नावाचे एक नाटक आहे. बर्फाच्या रात्री एक प्रवासी भिक्षू एका दरिद्री सामुराईच्या दारी येतो. घरात जळण नाही. वैभवाच्या दिवसांतील तीन कुंड्या तेवढ्या उरलेल्या आहेत : आलुबुखाराच्या जातीचे उमे, चेरी आणि पाइन. यजमान ती तिन्ही झाडे तोडून शेकोटी पेटवतो. तो भिक्षू म्हणजे वेष पालटून फिरणारा कामाकुराचा माजी राज्यप्रतिनिधी होजो तोकियोरी निघतो, आणि पुढे सामुराईला त्या तीन झाडांच्या नावांशी जुळणारी तीन गावे इनाम मिळतात.

या तीन झाडांत जुनिपर नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जपानी कुंड्यांवर अनेक शतके पाइनचे राज्य होते. आज बोन्साय म्हटले की पांढरेफटक वाळके लाकूड आणि त्याला बिलगलेली हिरवी पालवी असे जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते शिंपाकूचे. तो या दरबारातला बराच उशिरा आलेला मानकरी आहे. मेइजी काळापर्यंत (१८६८-१९१२) त्याला फारसे कोणी विचारत नव्हते.

शिंपाकू ही चिनी जुनिपरची डोंगराळ जात. वनस्पतिशास्त्रात तिला अमेरिकेतील आर्नल्ड वृक्षोद्यानाचे पहिले संचालक चार्ल्स सार्जंट यांचे नाव आहे. ते १८९२ मध्ये जपानची वने पाहत हिंडले होते. झाड काटक असते. खडकाच्या भेगेत मूठभर माती मिळाली तरी रुजते. वरून बर्फ दाबते, वारा सोलतो, दरडी फांद्या मोडतात. ज्या बाजूचे मूळ मरते, त्या बाजूची साल वाळून गळते आणि आतले लाकूड उघडे पडते. जुनिपरचे लाकूड राळेने भरलेले असल्यामुळे लवकर कुजत नाही. ऊन-पावसाने ते हाडासारखे पांढरे होते. उरलेल्या मुळापासून उरलेल्या पालवीपर्यंत सालीचा एक अरुंद पट्टा जिवंत राहतो. तेवढ्यावर झाड आणखी शंभर वर्षे काढते.

मेलेल्या फांदीच्या टोकाला जपानी माळी ‘जिन’ म्हणतात आणि खोडावरील उघड्या लाकडाला ‘शारी’. शारी हा शब्द बुद्धाच्या अस्थींसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘शरीर’ या संस्कृत शब्दावरून आला आहे. ज्या प्रदेशातून बौद्ध धर्म निघाला तेथील एक शब्द असा चीनमार्गे जाऊन जपानी झाडाच्या खोडावर बसला.

मेइजी काळाच्या उत्तरार्धात शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वताच्या परिसरातून ही झाडे बाजारात येऊ लागली. १९८२ मीटर उंचीचा हा पर्वत पश्चिम जपानमधील सर्वोच्च. तोक्योच्या रसिकांनी ही पिळदार खोडे पाहिली आणि मागणी उसळली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत याहूनही सरस झाडे सापडली, ती निइगाता प्रांतातील इतोइगावा भागात. तेथील म्योजो पर्वत चुनखडीचा आहे. त्याच्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नदीत जेड सापडतो. कड्यावर सापडत होते शिंपाकू. इतोइगावा शिंपाकूची पालवी बारीक, दाट आणि तजेलदार. आजही या जातीत हेच नाव सर्वांत मानाचे आहे.

ही झाडे उतरवणारे लोक व्यापारी नव्हते, डोंगरी होते. दोर कमरेला बांधून ते कड्यावरून खाली सुटत, भेगेतील मुळे छिन्नीने मोकळी करत आणि झाड पाठीवर घेऊन वर येत. काही जण वर आले नाहीत. एका सुंदर खोडाच्या किमतीत कुटुंबाचे कितीतरी महिने निघत, म्हणून पुढचा माणूस पुन्हा दोर बांधत असे. संग्रहालयात काचेपलीकडे ठेवलेल्या शांत कुंडीकडे पाहताना हा दोर सहसा आठवत नाही.

झाड खाली आले म्हणजे जगले असे नव्हे. खडकात शिरलेले लांब मूळ तोडावेच लागे, आणि अन्नपाणी घेणारी बारीक केसमुळे त्या मुळाच्या टोकाला राहून जात. मग ते झाड खडबडीत वाळूत रोवून सावलीत ठेवत आणि पालवीवर पाणी शिंपडत वाट पाहत. जुनिपरचा एक क्रूर गुण येथे आडवा येतो. ते मेले तरी कित्येक आठवडे हिरवेच दिसते. पालवी तपकिरी पडू लागते, तेव्हा आत सारे संपून बराच काळ लोटलेला असतो.

मागणी वाढत गेली, कडे तेवढेच राहिले. चारशे वर्षांच्या झाडाची जागा दुसरे झाड चारशे वर्षांनीच घेणार. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाताला लागतील अशा कड्यांवरची चांगली झाडे जवळपास संपली. शिंपाकूची कीर्ती शिखरावर असताना शिंपाकूचे डोंगर ओसाड झाले होते. या कलेच्या गौरवगाथांमध्ये हा भाग बहुधा एका ओळीत उरकला जातो. खरे तर पुढचे सारे तंत्र याच टंचाईतून आकाराला आले.

दरम्यान सपाटीवरही उलथापालथ झाली होती. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी कांतो भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगीने तोक्यो उद्ध्वस्त केले. शहरातील अनेक बोन्साय माळ्यांच्या बागा गेल्या. त्यांतील काहींनी उत्तरेकडे ओमिया येथे मोकळी जमीन, स्वच्छ पाणी आणि चांगली माती पाहून १९२५ मध्ये नवी वस्ती वसवली. वस्तीचे नियम मजेदार होते : प्रत्येक रहिवाशाकडे किमान दहा बोन्साय हवीत, फाटक सर्वांसाठी उघडे हवे, कुंपण जिवंत झुडपांचे हवे आणि घर दुमजली नको. शेवटच्या नियमामागचे कारण उघड आहे. शेजाऱ्याच्या झाडांवर सावली पडू नये.

१९३४ मध्ये तोक्योच्या उएनो भागात पहिले ‘कोकुफू’ प्रदर्शन भरले आणि बोन्सायला कलादालनात मानाची जागा मिळाली. पण लवकरच युद्ध आले. अन्नाची चणचण असताना शोभेच्या झाडांत श्रम घालणे हा देशद्रोहाचा धाकटा भाऊ मानला जाऊ लागला. ओमियातील क्यूझो मुराता यांच्यासारख्या मोजक्या माळ्यांनी स्वतःची आणि इतरांची झाडे या काळातून तारून नेली. बोन्सायला युद्धकाळासाठी गोदामात बंद करून ठेवता येत नाही. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकले तरी हिशेब चुकता होतो.

युद्धानंतर ग्राहक पुन्हा आले. त्यांत अमेरिकी सैनिकही होते. झाडे मात्र डोंगरावरून येणार नव्हती. ती रोपवाटिकेतूनच येणार होती.

शिंपाकूची फांदी छाटून ओल्या वाळूत खोचली की तिला मुळे फुटतात. अशा छाटकलमात मातृवृक्षाचे सारे गुण उतरतात. म्हणून म्योजोचा कडा रिकामा झाला तरी तेथील पालवी शेकडो बागांत वाढत राहिली. जाड पण सुंदर खोडाच्या, राठ पालवीच्या जुनिपरवर इतोइगावाच्या काड्यांचे कलम बांधण्याचीही पद्धत पडली. पालवी मिळाली, मिळत नव्हते ते खोड. छाटकलमाचे रोप सरळ, गुळगुळीत आणि निरागस असते. त्याच्यावर कधी दरड कोसळलेली नसते.

ते काम मग तारेने करायचे ठरले. पूर्वी फांद्या वाकवायला सुतळी आणि बांबूच्या कामट्या वापरत. मेइजी काळाच्या अखेरीस आणि पुढच्या तैशो काळात तांब्याची तार रूढ झाली. तार आधी विस्तवात तापवून मऊ करतात. एकदा वाकवली की ती कडक होते आणि फांदीला धरून ठेवते. ॲल्युमिनियमची तार बरीच नंतरची. ती हाताला सोपी, म्हणून नवशिक्यांच्या हाती आज तीच दिसते.

तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश घ्यावी, सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी गुंडाळावी आणि वाकवताना फांदीची बाहेरची बाजू तारेच्या वेढ्यावर यावी, म्हणजे साल फाटत नाही. दोनतीन वर्षांच्या रोपाचे खोड तर दोरीसारखे पिळता येते. पिळ घालताना करकर आवाज येतो तेव्हा हात थांबवायचा असतो. जुनिपरची कोवळी फांदी बरीच सोशिक असते, पण जिवंत थर सालीखालीच असतो आणि तो एकदा सुटला की त्यापुढची फांदी गेली.

तार केव्हा काढायची, यात खरी परीक्षा. लवकर काढली तर फांदी पुन्हा उसळी घेते. उशीर झाला तर वाढणारी साल तारेला गिळू लागते आणि त्या खुणा वर्षानुवर्षे जात नाहीत. जुने माळी तार उलगडत बसत नाहीत, कातरीने तुकडे करून उतरवतात. तार महाग असली तरी फांदी तिच्याहून महाग. मराठीत मुलांना ‘वळण लावणे’ म्हणतात, ते या कामाला तंतोतंत लागू पडते, आणि अति केल्यास उमटणाऱ्या व्रणांसकट.

एका बाबतीत जुन्या पुस्तकांचा सल्ला आता मागे पडला आहे. पालवीचे कोवळे शेंडे बोटांनी खुडत राहावेत, म्हणजे ती दाट होते, असे पूर्वी शिकवले जाई. आता अनेक अनुभवी माळी तसे करू नका म्हणतात. जुनिपरची ताकद त्याच्या पालवीत साठलेली असते. सतत शेंडे खुडले की झाड खंगते. फार छाटले, तर ते प्रौढपणीची मऊ खवलेदार पाने सोडून बालपणीची टोचरी, सुईसारखी पाने काढू लागते. आपल्यावर अत्याचार झाल्याची झाडाने दिलेली ती तक्रारच असते.

वरचे सारे काम दिसते. झाडाचे आयुष्य मात्र खाली ठरते, आणि कुंडी बदलणे हा शब्दप्रयोगच थोडा दिशाभूल करणारा आहे. पुष्कळदा कुंडी तीच राहते. बदलते माती आणि मुळे. उथळ पात्रात मुळे दोनतीन वर्षांत भिंतीला लागून गोल फिरू लागतात, माती पिठासारखी बारीक होते, पाणी वर साचते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून कोवळे रोप साधारण दोन वर्षांनी आणि जुने झाड त्याहून अधिक अंतराने, वसंताच्या तोंडावर, नवी वाढ सुरू होण्याआधी बाहेर काढतात.

काडीने मुळांच्या गोळ्याची बाहेरची माती मोकळी करायची, गोल फिरलेली जाड मुळे कापायची आणि केसमुळे जपायची. जुनिपरची सारी माती धुऊन त्याला उघडे करणे घातक ठरते. त्याच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी जुन्या मातीत असते. त्यामुळे रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची जुनी चिकट माती एका वेळी एकाच बाजूची काढतात आणि दुसरी बाजू पुढच्या खेपेला. त्याच वर्षी जोरदार छाटणी आणि तारकामही उरकून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो मोह जितक्या झाडांच्या जिवावर उठला, तितकी कीडही उठली नसेल.

नव्या मातीत बहुधा अकादामा असते. शब्दाचा अर्थ ‘लाल गोळे’. ही कांतो पठाराखालील ज्वालामुखी राखेपासून बनलेली दाणेदार माती. तिच्यात प्युमिस आणि लाव्हाखडे मिसळतात. दाणे चाळून धूळ काढतात, म्हणजे पाणी धरलेही जाते आणि वाहूनही जाते. कुंडीच्या भोकांवर जाळी लावतात. त्याच भोकांतून ओवलेल्या तारेने झाड तळाशी घट्ट बांधतात, कारण हलणाऱ्या झाडाची नवी केसमुळे रोज तुटतात. मग काडीने माती मुळांच्या फटींत उतरवायची आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्यायचे. काही आठवडे वारा आणि कडक ऊन टाळायचे. चुनखडीच्या भेगेत निसर्गाने जे केले होते, थोडी माती, भरपूर हवा आणि साचू न देणारा उतार, त्याचीच ही हिशेबी नक्कल.

खोडाची नक्कल करण्यात सर्वांत दूर गेले ते मासाहिको किमुरा. १९४० मध्ये ओमियात जन्मलेले किमुरा पंधराव्या वर्षी मोतोसुके हामानो यांच्या बागेत शिकाऊ म्हणून राहिले आणि अकरा वर्षे तेथे राबले. पुढे त्यांनी जुनिपरच्या मृत लाकडाला विजेवर चालणारी कोरणी लावली. परंपरावाद्यांनी नाके मुरडली. वाऱ्याने शतकांत करायचे काम यंत्राने एका दुपारी करणे हा अधर्म, असा त्यांचा सूर होता. या वादात किमुरांची बाजू उजवी वाटते. कड्यावरचे झाड ओरबाडून आणण्यापेक्षा कुंडीतले लाकूड कोरणे अधिक निष्पाप, आणि डोंगर तोवर रिकामेच होते.

 जपानबाहेरही रोपवाटिकेतील कोवळ्या जुनिपरवर बरीच भिस्त राहिली. आज जगभरच्या दुकानांत भेटीदाखल विकले जाणारे छोटे बोन्साय बहुधा ‘प्रोकंबेन्स नाना’ या पसरट जुनिपरचे दोनतीन वर्षांचे रोप असते. वर कधीकधी खडे गोंदाने चिकटवलेले असतात, त्यामुळे पाणी आतच जात नाही. घेणारा ते बैठकीच्या खोलीत मांडतो. जुनिपरला ऊन, वारा आणि हिवाळ्यातील थंड विश्रांती लागते. घरात ते हळूहळू मरते आणि नेहमीप्रमाणे कळते ते उशिरा.

अशाच कोवळ्या रोपांपासून काय घडू शकते, याचे उदाहरण जॉन नाका यांनी घालून दिले. त्यांचा जन्म १९१४ मध्ये अमेरिकेतील कोलोराडोचा. आठव्या वर्षी ते आजोळच्या नव्हे, वडिलांच्या देशी, जपानला गेले आणि आजोबांच्या हाताखाली झाडांत रमले. १९३५ मध्ये ते अमेरिकेत परतले. युद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसला स्थायिक होऊन त्यांनी १९४८ मध्ये ‘फोमिना’ जातीच्या दोन जुनिपरवर काम सुरू केले. ही जात तेथे रोपवाटिकांत सहज मिळे. सरळसोट वाढणारी, कड्याशी काहीही संबंध नसलेली.

हळूहळू नाकांनी अशी आणखी झाडे जोडून एकाच पात्रात वन उभे केले. जपानमधील एका देवस्थानाजवळचे सुगी वृक्षांचे वन त्यांच्या मनात होते. एक झाड म्हणजे एक नातवंड, असा त्यांचा संकल्प. प्रारंभी सात झाडे होती. मागच्या बाजूचे झाड मात्र पुनःपुन्हा मरू लागले. तार ठीक होती, छाटणी ठीक होती. दोष निघाला पाण्याच्या निचऱ्यात. नाकांनी तो सुधारला, झाड बदलले आणि वन जगले. नातवंडे वाढून अकरा झाली तशी झाडेही अकरा झाली.

या वनाचे नाव ‘गोशिन’, म्हणजे आत्म्याचा रक्षक. १९८४ मध्ये नाकांनी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहाला दिले. २००४ मध्ये नाका गेले. अकरा जुनिपर आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहेत. त्यांना रोज पाणी दिले जाते, तार बांधली आणि उतरवली जाते, आणि ठराविक वर्षांनी ते अखंड वन पात्रातून उचलून त्याची मुळे छाटली जातात.